माळावरची वीण कशी नोंदवावी

सरकारी कागदावर माळाला बरेचदा ‘पडीक’ म्हणतात. पण पुरंदर, बारामती, इंदापूरपासून सोलापूरपर्यंतच्या माळांवर आणि त्यांना लागून असलेल्या ज्वारी-बाजरीच्या शिवारांत चंडोल, टिटव्या, लावे, पखुर्ड्या, धाविक आपली पिल्लं वाढवतात. यांची अंडी झाडावर नसतात, उघड्या जमिनीवर असतात. म्हणून इथला पहिला नियम: घरटं शोधत फिरायचं नाही. पक्षी काय करतोय ते लांबून पाहायचं आणि त्यावरून वीण ओळखायची. पुढची पद्धत एका गावाच्या शिवाराला पुरेल अशी आहे आणि दोघांना जमते.

साहित्य: दुर्बीण (८×४२ असेल तर उत्तम), वही, पेन्सिल (पावसात शाई पसरते), घड्याळ, गावाचा नकाशा, जीपीएस असलेला मोबाइल, मातकट रंगाचे कपडे, पाणी.

१. फेऱ्या ठरवा. एका फेरीत भागत नाही. माळटिटवी मुख्यतः उन्हाळ्यात अंडी घालते, तर पावसाळी लावा आणि सुगरण पावसासाठी थांबतात. म्हणून तीन फेऱ्या करा: मध्य एप्रिल, जूनअखेर आणि मध्य ऑगस्ट. उजाडताच सुरुवात करा, दोन तासांत संपवा. जून-जुलैत माळावर वारा सुटला की गाणं ऐकू येत नाही. गवताचे शेंडे सतत आडवे होत असतील तर त्या दिवशी मोजणी करू नका.

२. थांबे आखा. एकमेकांपासून किमान ३०० मीटरवर दहा थांबे घ्या. उत्तर अमेरिकेत १९६६ पासून चालू असलेल्या विणीच्या पक्ष्यांच्या सर्वेक्षणात रस्त्याने जात ५० थांबे घेतात आणि प्रत्येकी तीन मिनिटं मोजतात. आपल्याकडे रस्त्याकडेच्या तारांवर वेडे राघू, खाटीक, नीलपंख येऊन बसतात आणि चित्र फसवं होतं. म्हणून निम्मे थांबे तरी गायरानात आणि बांधांवर ठेवा. प्रत्येक थांब्यापुढे जमीन कशी आहे ते लिहा: कुरण, पड, पेरलेलं रान, ऊस, ओढ्याकाठ.

३. माणसांना भेटा. शेतमालकाला आधी सांगा. जागा अभयारण्यात असेल तर वनखात्याची लेखी परवानगी घ्या. मेंढपाळाशी बोला, तो रोज हाच माळ तुडवतो. टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जास्त, असं गावोगाव मानतात. त्यामुळे टिटवी कुठं बसलीय, याकडे लोकांचं लक्ष असतं. मात्र ऐकलेली माहिती वेगळ्या रकान्यात लिहा.

४. थांब्यावर पाच मिनिटं मोजा. पोहोचल्यावर आधी दोन मिनिटं गप्प उभे राहा, दबकलेले पक्षी पुन्हा कामाला लागतात. मग एकानं पाहायचं, दुसऱ्यानं लिहायचं. शंभर मीटरच्या आतले पक्षी मोजा, नुसते वरून उडून जाणारे वेगळे लिहा. साइक्सचा चंडोल इतर पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो. त्यामुळे चंडोलांच्या माळावर केवळ आवाजावरून नोंद करताना गाणारा डोळ्यांनी पाहून घ्या.

५. विणीची पायरी लिहा.
‘शक्य’: हंगामात, योग्य जागी नर गातोय.
‘संभाव्य’: जोडी दिसली, प्रणयाची कसरत चाललीय किंवा आठवड्यानंतरही नर त्याच जागी गातोय. डोंबारी चंडोलाचा नर सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीच्या अलीकडे सावरून पुन्हा वर उसळतो आणि शीळ घालतो. नाव शोभावं अशी ही कसरत आहे.
‘निश्चित’: चोचीत चारा घेऊन जाणं, पिल्लांची विष्ठा बाहेर नेणं, नुकतं उडू लागलेलं पिल्लू, पंख मोडल्याचं सोंग.

६. फसव्या खुणा ओळखा. सुगरणीचा नर अनेक घरटी अर्धवट विणून सोडतो. लटकणारं घरटं दिसलं म्हणून ‘निश्चित’ लिहू नका, मादी चारा घेऊन आत जाताना दिसू द्या. कापशी घारीच्या पंजात उंदीर असला तरी तो तिच्या स्वतःसाठीही असू शकतो.

७. मागे फिरायला शिका. चंडोल चोचीत अळी धरून ढेकळावर बसलाय, शेपटी हलवतोय, पण खाली उतरत नाही, याचा अर्थ आपण घरट्याजवळ आहोत. त्याला ती अळी पिल्लाला भरवायची आहे आणि आपण वाटेत उभे आहोत. आल्या वाटेनं परत फिरा. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तरी हेच करा. एप्रिलच्या उन्हात ती पोटाची पिसं भिजवून आणून अंडी थंड ठेवते. आपण तिला उठवून ठेवलं तर अंडी तापतात आणि कावळ्याला जागा कळते. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवू नका, घरट्याचा फोटो किंवा ठिकाण कुणाला पाठवू नका.

८. त्याच दिवशी वही पुरी करा. काहीच दिसलं नाही त्या थांब्यापुढे शून्य लिहा. कोरी जागा ठेवली तर पुढच्या वर्षी पक्षी नव्हता की आपण गेलो नव्हतो, हे कळत नाही. पुढच्या वर्षी तेच थांबे, त्याच तारखा, तीच वेळ पाळा. शक्य तर माणसंही तीच असू द्या.

शेवटी नोंदींची एक प्रत गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या, लोकजैवविविधता नोंदवहीत तिची जागा आहे. घरट्यांच्या नेमक्या जागा मात्र त्यात देऊ नका. उद्या त्या माळावर झाडं लावायला खड्डे खणायचं ठरलं, की ‘पडीक’ या शब्दाला उत्तर म्हणून ग्रामसभेत हीच पानं उघडता येतील.