भार उचलताना कंबर सांभाळा

डिचोली व तुये येथील औद्योगिक वसाहतींत यंत्रे आली, तरी पोती व खोकी अनेकदा माणसाच्या पाठीवरूनच जातात. मणका दुखावला की मजुरी बुडते व घराचा आधार खचतो.

इजा होईल इतका भार कोणासही उचलावयास लावू नये, असे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 34 व्या कलमाने बजावले. 1967 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषासाठी 55 किलोग्रॅमची मर्यादा सुचविली. परंतु हलका भारही वाकून, शरीरापासून दूर धरल्यास कंबरेवरील ताण फार वाढतो. म्हणून गुडघे वाकवावेत, पाठ सरळ ठेवावी, भार अंगाशी धरावा. वळताना कंबर न पिळता पावले वळवावीत. मालकांनी माल कंबरेच्या उंचीवर रचावा, हातगाडी पुरवावी.

कामासाठी माणूस वाकविण्यापेक्षा माणसाला साजेसे काम मांडावे, हेच एर्गोनॉमिक्स या शास्त्राचे सार होय.