निनावी निरोप ओळखीतलाच असतो

गो बाय, तुझ्या स्टोरीवरची ती लिंक मी पाहिली. 'नाव न सांगता मला काहीही विचारा.' ओरडायला बसलेली नाही मी. नव्या कॉलेजात गेल्यावर चारचौघं आपल्याविषयी काय बोलतात ते कळावंसं वाटणारच. फक्त लिंक ठेवायची की काढायची हे ठरवण्याआधी या धंद्याची गोष्ट ऐकून घे. ती जाहिरातीत येत नाही.

2017 चा ऑगस्ट आठवतो. फेसबुक उघडावं तर प्रत्येकाच्या भिंतीवर 'सराहा' या ॲपवरचे निनावी निरोप. सौदी अरेबियातल्या झैन अल-आबिदिन तौफिक या तरुणाने ते मुळात नोकरदारांसाठी काढलं होतं. साहेबाला तोंडावर सांगायची हिंमत नसेल, तर नाव न देता कळवा. हेतू वाईट नव्हता. पण कचेरीतून ते शाळकरी पोरांच्या फोनवर आलं नि त्याचा रंगच बदलला. त्याच महिन्यात उघड झालं की हे ॲप फोनमधले नंबर आणि ईमेल पत्ते आपल्या सर्व्हरवर नेऊन ठेवतं. पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका आईने आपल्या 13 वर्षांच्या लेकीला आलेले घाणेरडे निरोप पाहून मोहीम उघडली. साडेचार लाखांवर सह्या झाल्या आणि फेब्रुवारी 2018 पर्यंत ॲपल आणि गूगल, दोघांच्याही दुकानांतून सराहा गेलं.

त्याच्याही आधी अमेरिकेत 'यिक यॅक' नावाचं ॲप होतं. दोन कॉलेजमित्रांनी 2013 मध्ये सुरू केलं. जवळपासच्या लोकांनी लिहिलेलं सगळं दिसायचं, नाव कोणाचंच नाही. वर्षभरात कंपनीची किंमत 40 कोटी डॉलरच्या घरात गेली. मग शाळांमधून छळाच्या आणि बॉम्बच्या धमक्यांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा कंपनीनेच शाळांच्या आवारात ॲप चालू नये अशी सोय केली. 2017 मध्ये दुकान बंद झालं. दुसऱ्या एका कंपनीने त्यांचे काही इंजिनिअर घेतले, ते सुमारे 10 लाख डॉलर देऊन. 'सीक्रेट' नावाचं आणखी एक 2014 मध्ये गाजावाजाने आलं आणि पुढच्याच वर्षी मिटलं. 'योलो' या तसल्याच ॲपला स्नॅपचॅटने 2021 मध्ये बाहेर काढलं, एका आईने आपल्या मुलाच्या आत्महत्येनंतर कोर्टात धाव घेतल्यावर.

आता तुझी लिंक ज्या ॲपची आहे त्या 'एनजीएल'चं ऐक. जुलै 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीवर आरोप ठेवले. त्यातला एक वाचून मी गप्पच झाले. पोरांना येणारे काही निरोप कोणा माणसाचे नव्हतेच, कंपनीच ते बनवून पाठवत होती. 'तू काय केलंस ते मला माहीत आहे', असल्या जातीचे. ते वाचून पोर घाबरलं की पुढे पाटी, कोणी लिहिलं ते जाणून घ्यायचंय? आठवड्याला 10 डॉलरपर्यंत भरा. भरल्यावर मिळायचे ते कुचकामी 'हिंट'. कंपनीने 50 लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं आणि 18 वर्षांखालच्यांना हे ॲप द्यायला तिला मनाई झाली. तेव्हा रात्री अकराला एखादी ओळ वाचून तुझ्या पोटात गोळा आला, तर ती कोणा माणसाने लिहिली असेलच असं नाही, हे आधी ध्यानात ठेव.

आणि खरंच माणसाने लिहिली असेल तर? इथे आपल्या गोव्यातल्या पेडणे-डिचोलीची गोष्ट वेगळी होते. मोठ्या शहरात निनावी म्हणजे लाखांतला कोणीतरी. तुझ्या लिंकवर येणार कोण? मांद्रे-हरमलची मैत्रीण, साखळीचा मामेभाऊ, तुझ्यासोबत धालोला फुगडी घालणारी, सकाळच्या कदंब बसमध्ये मागच्या सीटवर बसणारा. लिहिणारा ओळखीतलाच. पूर्वी सोयरीक जुळली की मुलाकडे निनावी पत्र जायचं, तसंच हे. त्या पत्राला निदान हस्ताक्षर असायचं, कुठल्या पोस्टाचा शिक्का आहे ते बघता यायचं. इथे काहीच हाती लागत नाही, म्हणून तू सगळ्यांवर संशय घेत सुटतेस. एकाने लिहिलं, तू दहा जणांशी बोलणं टाकलंस. खरं नुकसान ते.

एक मात्र लक्षात घे. नाव लपलेलं असतं ते तुझ्यापासून. फोन कुठला, इंटरनेट कुठून वापरलं, याच्या खुणा कंपनीकडे राहतात. 2015 मध्ये मिझुरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना यिक यॅकवर धमकी देणारा तरुण काही तासांतच पकडला गेला.

म्हणून ओंगळ काही आलं तर स्टोरीवर उत्तर देऊ नकोस. तू चिडून उत्तर टाकलंस की ते शंभर जण बघतात आणि आणखी दहा लिहितात, ॲपला तेच हवं असतं. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढ. रागाच्या भरात खातं पुसून टाकू नकोस, पुरावा जातो. हिंटसाठी एक रुपया भरू नकोस. वर्गात स्वतः तपास काढत फिरू नकोस. धमकी असेल, फोटो पसरवण्याची भाषा असेल, तर पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या पोलिस ठाण्यात घरच्या मोठ्या माणसाला घेऊन जा. सायबर गुन्ह्यांचं ठाणं रायबंदरला आहे, सरकारी पोर्टलवर घरबसल्याही तक्रार होते. 18 च्या आतली असशील तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. भारतीय न्याय संहितेत नाव लपवून दिलेल्या धमकीला नेहमीच्या शिक्षेवर आणखी 2 वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. ठाण्यात कोणी म्हणालं, 'नाव नाही तर काय करणार', तर हे कलम सांग: 351, पोटकलम 4.

नाव न सांगता मन मोकळं करायची गरज खोटी नाही, हेही मान्य करते. गावात एक गोष्ट बोलावी तर संध्याकाळपर्यंत देवळात पोचते. त्यासाठी 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, रात्रंदिवस, फुकट. पलीकडे ऐकण्याचं शिक्षण घेतलेला माणूस असतो.

लिंकचं तूच ठरव. मी तुझ्या जागी असते तर आज काढली असती. ठेवलीस तर दोन गोष्टी पाळ. ओंगळ काही आलं तर त्याच रात्री मला फोन कर, कितीही वाजलेले असोत, आईला कधी सांगायचं ते आपण मिळून ठरवू. आणि दुसऱ्या कोणाच्या लिंकवर तू लिहायला बसलीस, तर खाली आपलं नाव घालता येईल एवढंच लिही.