कोषातील जीव आणि कोषाचा भाव : जागतिक बाजारपेठ व रेशीम कीटकाचे कल्याण

बेंगळुरूहून म्हैसूरकडे जाताना सुमारे पन्नास किलोमीटरवर रामनगर लागते. येथील रेशीम कोष बाजार आशियातील सर्वांत मोठा समजला जातो. कर्नाटकातील शेतकऱ्यांबरोबरच महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्यातील, शेतकरीही अनेक वर्षे आपले कोष येथे विक्रीस आणत आले आहेत. लिलावात कोषाचा आकार, कवचाची जाडी, डाग आणि ओलावा पाहिला जातो. विकल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कोषात त्या घटकेला एक जिवंत प्राणी असतो, ही बाब मात्र भावाच्या चिठ्ठीवर कोठेही येत नाही.

प्राणी कल्याणाची चर्चा आपल्याकडे बहुधा गुरे, कोंबड्या, कुत्री किंवा शर्यतीचे बैल यांच्याभोवती फिरते. संख्येच्या दृष्टीने पाहिल्यास माणसाने पाळलेल्या प्राण्यांत रेशीम कीटकाइतके मोठे कळप क्वचितच आढळतील. भारतात २०२३-२४ मध्ये ३८,९१३ टन कच्चे रेशीम तयार झाले. चीननंतर भारताचा क्रमांक दुसरा आहे आणि या उत्पादनातील मोठा वाटा तुती रेशमाचा आहे. एक किलो तुती रेशमासाठी चांगल्या प्रतीचे साडेसहा ते सात किलो कोष लागतात आणि एका किलोत साधारण साडेपाचशे ते सहाशे कोष बसतात. म्हणजे एक किलो धाग्यामागे सुमारे चार हजार जीव. त्यांचे जगणे आणि मरणे कोणत्या परिस्थितीत होते, हे ठरविण्यात दूरच्या बाजारपेठेचा वाटा किती आहे, हा या लेखाचा विषय आहे.

माणसावर सर्वस्वी अवलंबून असलेला प्राणी

बॉम्बिक्स मोरी हा कीटक चीनमध्ये सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी रानटी पतंगापासून पाळीव झाला. हजारो पिढ्यांच्या निवडीमुळे त्याच्या पतंगाला उडता येत नाही. अळी पाल्याच्या शोधात दूर जात नाही. मोकळ्या रानात सोडल्यास ती पक्षी, मुंग्या आणि उपासमार यांपुढे टिकत नाही. म्हणून ‘प्राण्याला मुक्त करावे’ हा प्राणी हक्कांच्या चर्चेतील नेहमीचा उपाय येथे लागू पडत नाही. या कीटकाच्या बाबतीत हक्काचा प्रश्न पालकाच्या कर्तव्याच्या रूपानेच विचारावा लागतो. ज्याने त्याचे स्वावलंबन काढून घेतले, त्याच्यावर त्याच्या पोषणाची आणि संरक्षणाची जबाबदारी येते.

बाजाराच्या गरजेनुसार ही जबाबदारी अधिक जड होत गेली आहे. ‘प्युअर म्हैसूर’ ही दक्षिणेतील जुनी, वर्षात अनेक पिढ्या देणारी जात उष्णता व रोग यांना तोंड देणारी आहे. मात्र तिचा धागा आखूड आणि कमी प्रतीचा असतो. यंत्रमागांना व निर्यातीला एकसारखा, लांब धागा हवा असल्याने जपानच्या सहकार्याने १९९१ पासून बायव्होल्टाइन तंत्रज्ञानाचा कार्यक्रम राबविण्यात आला आणि म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने सीएसआर मालिकेतील वाण दिले. या वाणांच्या एका कोषातून हजार मीटर किंवा त्याहून लांब धागा मिळतो. ही प्रगती मोलाची आहे. परंतु अधिक उत्पादन देणारी अळी तापमान, आर्द्रता आणि पाल्याची प्रत यांविषयी अधिक नाजूकही असते. ब्रॉयलर कोंबडीच्या जलद वाढीबरोबर तिच्या पायांच्या व्याधी वाढल्या, त्याच जातीचा हा अनुभव आहे. उत्पादनक्षम वाण स्वीकारणे म्हणजे अधिक काळजीची हमी देणे होय. ती हमी पाळली गेली नाही तर उत्पन्न आणि अळी दोन्ही हातची जातात.

व्यापाराबरोबर प्रवास करणारे रोग व किडी

रेशीम उद्योगाचे जागतिकीकरण आजचे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेब्रिन रोगाने फ्रान्समधील रेशीमशेती जवळजवळ उद्ध्वस्त केली आणि अंड्यांच्या व्यापाराबरोबर तो देशोदेशी पसरला. लुई पाश्चर यांनी १८६५ पासून त्यावर काम करून मादी पतंगाच्या सूक्ष्मदर्शक तपासणीची पद्धत रूढ केली. रोगमुक्त अंडीपुंजांचा आजचा संपूर्ण डोलारा त्याच पद्धतीवर उभा आहे.

ऊझी माशीचे उदाहरण अधिक जवळचे आहे. ही परोपजीवी माशी मूळची पूर्व भारतातील. १९८० मध्ये पश्चिम बंगालमधून आलेल्या कोषांबरोबर ती कर्नाटकात पोहोचली आणि काही काळातच दक्षिणेतील संगोपनगृहांत स्थिरावली. मादी अळीच्या अंगावर अंडी घालते. मॅगॉट कातडी भेदून आत शिरते व अळीला जिवंतपणी खाते. वाहतुकीच्या एका निष्काळजी क्षणाची किंमत त्यानंतर असंख्य अळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी मोजली आहे. जाळीची दारे-खिडक्या व नेसोलिंक्स थायमस हा परोपजीवी मित्रकीटक हे तिच्यावरील आजही उपयुक्त असलेले उपाय आहेत.

तिसरे उदाहरण मक्याचे आहे. अमेरिका खंडातील लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकातील मक्यावर आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. तिच्या नियंत्रणासाठी क्लोरँट्रानिलीप्रोल, स्पिनेटोरम, इमामेक्टिन बेंझोएट यांसारख्या कीटकनाशकांचा वापर वाढला. ही रसायने पतंगवर्गीय अळ्यांवर प्रभावी आहेत आणि रेशीम कीटकही त्याच वर्गातील आहे. शेजारच्या मक्यावर किंवा कपाशीवर केलेल्या फवारणीचा अत्यल्प अंश तुतीच्या पाल्यावर आला तरी अळ्या पाला सोडतात, शिथिल होऊन आक्रसतात. वाचलेल्या अळ्यांपैकी अनेक कोष विणत नाहीत. समुद्रापलीकडून आलेली एक कीड अशा प्रकारे संगोपनगृहातील अळीच्या यातनेचे कारण ठरते.

भाव पडला की काय कमी होते

भारतीय यंत्रमाग आणि हातमाग दीर्घकाळ चिनी कच्च्या रेशमावर अंशतः अवलंबून राहिले आहेत. त्यामुळे आयात शुल्कातील प्रत्येक बदल रामनगरच्या लिलावात उमटतो. २०११-१२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरील मूळ सीमाशुल्क ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणले गेले. त्या वर्षी कोषांचे भाव कोसळले आणि कर्नाटकात शेतकऱ्यांची आंदोलने झाली. २०१३-१४ मध्ये हे शुल्क १५ टक्के करण्यात आले. विणकराला स्वस्त धागा हवा असतो आणि शेतकऱ्याला किफायतशीर कोषभाव. या दोन न्याय्य मागण्यांमधील ताण धोरणकर्त्यांना नेहमीच सोडवावा लागतो.

या ताणाचा तिसरा घटक मात्र बोलू शकत नाही. भाव पडला की शेतकरी खर्च कमी करतो आणि खर्च कमी होण्याची पहिली जागा बहुधा संगोपनगृहच असते. उपलब्ध पाल्याच्या मानाने अधिक अंडीपुंज घेतले जातात, त्यामुळे शेवटच्या अवस्थेत पाला अपुरा पडतो. याच अवस्थेत अळी तिच्या एकूण आहाराच्या चार पंचमांशाहून अधिक पाला खाते. निर्जंतुकीकरणाची एक फेरी वगळली जाते. पत्र्याच्या छपरावर सावली किंवा पाचट टाकण्याचे काम पुढे ढकलले जाते. रॅकवर दाटी होते. दाटीतून उष्णता, ओलावा आणि त्यांतून ग्रासरी व मस्कार्डिन उद्भवतात. चंद्रिकेवर गर्दी झाल्यास दोन अळ्या मिळून एकच जुळा कोष विणतात आणि त्यातून सलग धागा निघत नाही. म्हणजे भावातील घट अळीच्या दुःस्थितीत आणि अळीची दुःस्थिती पुन्हा कमी भावात रूपांतरित होते. हे चक्र तोडणे हाच कल्याणाच्या विचाराचा शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा अर्थ आहे.

कायदा आणि विज्ञान

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा माणसाव्यतिरिक्त कोणत्याही सजीव प्राण्याला ‘प्राणी’ म्हणतो. या व्याख्येतून कीटक वगळलेले नाहीत. त्याच कायद्याचे कलम ३ प्राणी ताब्यात असणाऱ्यावर त्याचे हित सांभाळण्याचे आणि अनावश्यक वेदना टाळण्याचे कर्तव्य सोपविते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींसंबंधीच्या निकालात पाळीव प्राण्यांच्या ‘पाच स्वातंत्र्यां’चा आधार घेतला होता. शर्यतींसंबंधीचे कायदे नंतर बदलले आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ते वैध ठरविले. पाच स्वातंत्र्यांची चौकट मात्र जगभर कल्याणाचा मापदंड म्हणून वापरली जाते.

कीटकाला वेदना जाणवते काय, या प्रश्नाचे निर्णायक उत्तर विज्ञानाने अद्याप दिलेले नाही. इजा टाळण्याची प्रतिक्रिया सर्व कीटकांत असते. केवळ तिच्यावरून वेदनेचा अनुभव सिद्ध होत नाही. तथापि लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात भुंग्यांवर २०२२ मध्ये झालेल्या प्रयोगांत, अधिक गोड अन्न मिळत असेल तर भुंगे उष्णतेचा त्रास सोसतात आणि ते नसेल तर टाळतात, असे दिसले. ही केवळ ठरावीक प्रतिक्षिप्त क्रिया नाही. ब्रिटनच्या २०२२ च्या संवेदनक्षम प्राण्यांविषयीच्या कायद्यात पृष्ठवंशीय प्राण्यांबरोबर खेकडे, कोळंबी व ऑक्टोपस यांचा समावेश झाला. कीटकांचा झाला नाही. संशयाचा फायदा किती द्यावा, याविषयी मतभेद संभवतात. जेथे काळजी घेण्यास खर्च फारसा येत नाही, तेथे तो द्यावा, हे तत्त्व बहुतेकांना मान्य होण्याजोगे आहे.

‘अहिंसा रेशीम’ : आश्वासन आणि मर्यादा

परदेशी खरेदीदारांनी या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले आहे. ‘एसॉस’ या ब्रिटिश ऑनलाइन वस्त्र विक्री कंपनीने २०१८ मध्ये मोहेर, काश्मिरी लोकर व पिसांबरोबर रेशमाचीही विक्री थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. ग्राहकाच्या सदसद्विवेकाचा आदर राखूनही हे लक्षात घ्यावे लागेल, की रेशमाची जागा बहुधा खनिज तेलापासून बनलेले पॉलिस्टर घेते आणि त्याचे सूक्ष्म तंतू नदी-समुद्रातील जीवांपर्यंत पोहोचतात. शिवाय अशा निर्णयाचा भार अखेरीस त्या लहान शेतकऱ्यावर पडतो, ज्याचे मत कोणी विचारलेले नसते.

दुसरा मार्ग हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी लोकप्रिय केलेल्या ‘अहिंसा रेशमा’चा. यात पतंग कोष फोडून बाहेर आल्यावर रिकाम्या कोषापासून सूत कातले जाते. सोवळ्यासाठी मुकटा किंवा पीतांबर वापरणाऱ्या समाजातही रेशमातील हिंसेविषयी संकोच जुना आहे; त्याला हा पर्याय दिलासा देतो. पण हिशेब येथे संपत नाही. प्रत्येक मादी चारशे ते पाचशे अंडी घालते. ती सर्व अंडी उबवून सर्व अळ्यांना पाला पुरविणे अशक्य असल्याने अंडी नष्ट करावी लागतात किंवा अळ्या उपाशी मरतात. मृत्यू टळत नाही, पुढच्या पिढीवर ढकलला जातो. ईशान्य भारतातील एरंडीवर वाढणाऱ्या एरी कीटकाचा कोष मुळातच एका टोकाला उघडा असतो आणि त्याचे सूत कातावेच लागते. तेथे प्युपा अन्न म्हणून खाल्ला जातो. ग्राहकासमोर ‘पूर्णपणे अहिंसक’ असा दावा करण्यापेक्षा संगोपन कसे झाले आणि प्युपा कसा मारला गेला, हे प्रामाणिकपणे सांगणे अधिक योग्य ठरेल.

प्युपा मारण्याच्या पद्धतीही सारख्या नाहीत. कोष उन्हात पसरून सुकविण्याच्या जुन्या पद्धतीत प्युपा दोन-तीन दिवस तडफडतो आणि धाग्याची ताकदही घटते. वाफ किंवा गरम हवेच्या यंत्रात मृत्यू लवकर येतो व धाग्याची प्रत टिकते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी : पाच स्वातंत्र्ये संगोपनगृहात

१. *भुकेपासून मुक्ती.* बागेतील पाल्याचा अंदाज घेऊन त्यानुसारच अंडीपुंजांची मागणी नोंदवावी. भाव कमी असताना संख्या वाढविण्याऐवजी कमी अंडीपुंजांतून चांगल्या प्रतीचे कोष घेणे किफायतशीर ठरते.

२. *अस्वस्थतेपासून मुक्ती.* चॉकी अवस्थेत २६ ते २८ अंश आणि शेवटच्या अवस्थेत २४ ते २५ अंश सेल्सिअस तापमान राखावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात छपरावर पाचट, ओली गोणपाटे आणि वरच्या बाजूने हवा बाहेर जाण्याची सोय आवश्यक आहे.

३. *इजा व रोगांपासून मुक्ती.* तपासणी झालेलेच अंडीपुंज घ्यावेत. निर्जंतुकीकरणाची फेरी टाळू नये. ऊझीसाठी जाळी लावावी. फवारणीपूर्वी शेजारी शेतकऱ्यांनी कळवावे, असा गावपातळीवर करार करावा. संशयित पाला आधी थोड्या अळ्यांना देऊन पाहावा.

४. *नैसर्गिक वर्तनाचे स्वातंत्र्य.* कात टाकताना अळी स्थिर राहते. त्या काळात तिला हलवू नये, पाला देऊ नये व बिछाना कोरडा ठेवावा. कोष विणताना पुरेशी चंद्रिका व हवा द्यावी.

५. *ताणापासून मुक्ती.* कोष सहाव्या-सातव्या दिवसापूर्वी, म्हणजे आतील अळीचा प्युपा होण्याआधी, काढू नयेत. घाईने काढलेल्या कोषातील जीव जखमी होतो आणि कोष डागाळतो. वाहतूक रात्री, हवेशीर आणि सैल भरलेल्या पोत्यांतून करावी.

वाहतुकीच्या संदर्भात जालना येथे २०१८ मध्ये सुरू झालेल्या कोष बाजाराचे महत्त्व केवळ भाड्याच्या बचतीपुरते नाही. शेकडो किलोमीटरचा तापलेल्या वाहनातील प्रवास टळल्याने प्युपा गुदमरून मरण्याचे व कोष डागाळण्याचे प्रमाण कमी होते. जवळचा बाजार, जवळच धागा काढण्याचे केंद्र आणि तेथे गरम हवेचे यंत्र, ही साखळी राज्यातील प्रत्येक रेशीमबहुल तालुक्यात उभी राहणे शेतकरी व कीटक या दोघांच्याही हिताचे आहे. शेतकरी गटांनी आपल्या उत्पादक कंपनीमार्फत अशा केंद्राची मागणी जिल्हा रेशीम कार्यालयाकडे नोंदवावी आणि कोषांच्या प्रत्येक खेपेबरोबर संगोपनाची नोंदवही ठेवण्याची सवय लावून घ्यावी. उद्या खरेदीदाराने कीटकाच्या कल्याणाविषयी विचारणा केली, तर उत्तरादाखल तीच नोंदवही पुढे करता येईल.