नॉर्मल अहवालाचा घोळ

पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांतील दाब वाढणे, हा विकार दंडाला पट्टा बांधून कळत नाही. आणि नळीत जोराने फुंकून करावयाची स्पायरोमेट्री अशा रुग्णांत पुष्कळदा जवळजवळ नॉर्मल येते, कारण तीत हवा किती व किती वेगाने बाहेर पडते एवढेच मोजले जाते, रक्तवाहिन्यांची अवस्था नव्हे. प्रस्तुत लेखिकेला एक जिना चढताना दोनदा थांबावे लागत असे व संध्याकाळी घोटे सुजत, तरीही याच नॉर्मल अहवालाच्या बळावर आधी दम्याचा पंप आणि, पंपाने फरक पडेना तेव्हा, चिंताविकाराची गोळी देण्यात आली. जिन्याचा विषय निघताच संबंधित तज्ज्ञांनी अहवालावरची नजर न हलवता ‘या वयात बायकांना असे होतेच’ असा निर्वाळा दिला. सुजलेला घोटा बोटाने दाबून पाहण्याचे कष्ट मात्र घेतले नाहीत.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी तोच कागद हाती घेऊन, डीएलसीओची ओळ कोरी का, एवढेच विचारले, आणि फुप्फुसांचे अर्धे काम कोणी मोजलेच नव्हते हे उघड झाले. डीएलसीओ म्हणजे फुप्फुसांतील वायू रक्तात कितपत उतरतो हे दाखविणारी चाचणी: कार्बन मोनॉक्साइडचा अत्यल्प अंश असलेली हवा आत ओढून सुमारे 10 सेकंद श्वास रोखावा लागतो व सोडलेल्या हवेत तो वायू किती उरला हे पाहिले जाते. या विकारात हा आकडा बहुधा घटलेला असतो, आणि अपेक्षित मूल्याच्या 45 टक्क्यांखाली गेल्यास ते चांगले लक्षण मानले जात नाही. रक्तक्षयातही तो घटतो, म्हणून हिमोग्लोबिनचा ताजा अहवाल सोबत न्यावा. हे कोणी आपणहून सांगत नाही.

चढताना धाप वाढत असेल आणि स्पायरोमेट्रीत कारण सापडत नसेल, तर डीएलसीओ व हृदयाची टू-डी इको या दोन्ही चाचण्या मागून घ्याव्यात. डॉक्टरांना राग आला तर येऊ द्यावा. इकोत दाबाचा केवळ अंदाज मिळतो. निश्चित निदान उजव्या हृदयात कॅथेटर घालूनच होते, आणि विश्रांतीत सरासरी दाब 20 मिमी पाऱ्याहून अधिक भरल्यास 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा विकार धरला जातो. अहवाल तारीखवार लावून ठेवावेत, दुसरे मत घ्यावे, हे सर्वांना ठाऊकच असते. फुप्फुसांत जुन्या गुठळ्या अडकल्या आहेत का हे दाखविणारा व्ही-क्यू स्कॅन मात्र टाळू नये, कारण अशा काही रुग्णांच्या गुठळ्या शस्त्रक्रियेने काढता येतात.