शिवण नसलेला अंगरखा

शास्त्रपाठ : योहान १९:२३-२५, प्रे. कृत्ये १:२३-२६

बेळगावाहून चोर्ला घाट उतरला की पणजी फार दूर राहत नाही. निपाणीकडील लोक आजरा-आंबोलीवरून जातात. सुट्टीत आपले तरुण गोव्यास जाऊन समुद्र पाहतात, त्यात गैर काही नाही. परंतु संध्याकाळी मांडवीच्या पात्रात दिव्यांनी लखलखणारी कॅसिनोची जहाजे दिसतात, आणि "एकदा आत जाऊन पाहू, खेळायचे थोडेच आहे!" असे कोणीतरी म्हणतो. तरुण संघात हा प्रश्न आम्हांला विचारण्यात आला, म्हणून हा पाठ.

अमेरिकेतील लास व्हेगस हे वाळवंटातील शहर जुगारावर भरभराटले. नेव्हाडा राज्याने १९३१ साली जुगारास मोकळीक दिली. आपल्या शेजारी वाळवंट नाही, नदी आहे. गोव्यात १९७६ च्या कायद्याने सार्वजनिक जुगारास बंदी होती. त्याच कायद्यात १९९६ साली जहाजांना सवलत मिळाली. पुढे फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळण्यास सरकारने मनाई केली. शिक्षकांनी येथे थोडे थांबावे. जे ताट घरच्या लेकरांपुढे ठेवायचे नाही, ते पाहुण्यांपुढे मांडले आहे. आणि ते पाहुणे म्हणजे आपणच.

आता शास्त्रभाग पाहू. शिपायांनी प्रभूच्या वस्त्रांचे चार वाटे केले. अंगरखा मात्र एकसंध विणलेला. फाडला तर वाया जाईल, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. हिशेब चोख होता! ज्याला तो मिळाला त्याने तो विणला नव्हता, विकत घेतला नव्हता, कोणी प्रेमाने दिलाही नव्हता. कष्ट, मोल व देणगी या तिन्हींवाचून दुसऱ्याची वस्तू अंगावर घेणे, जुगार तो हाच. तारणारा वर प्राण देत होता आणि यांचे लक्ष खाली चिठ्ठ्यांवर.

वर्गातील एखादा हुशार मुलगा विचारील, "मग मत्थियाची निवड चिठ्ठ्यांनी कशी?" प्रश्न योग्य आहे, तो टाळू नये. तेथे आधी प्रार्थना झाली, कोणी काही पणाला लावले नाही, आणि ज्याची निवड झाली नाही तो योसेफ बर्सबा नागवला गेला नाही. दोष चिठ्ठीत नाही, पणात आहे.

"नुसते पाहू" म्हणणाऱ्यास आम्ही एवढेच सांगतो : आत नोटांच्या बदल्यात चिप्स नावाच्या चकत्या देतात. नोट मोडताना हात कचरतो, चकती टाकताना कचरत नाही. निपाणीत कितीतरी घरांत आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. एका चकतीच्या किमतीत तिच्या किती हजार विड्या जातात, हे गणित मुलांकडूनच फळ्यावर करून घ्यावे.

मग २५ वे वचन वाचावे. शिपायांच्या त्या खेळानंतर लगेच योहान लिहितो की, वधस्तंभाजवळ येशूची आई उभी होती.