चाकाची रबरी धाव

बैलगाडीचे लाकडी चाक आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यावर लोखंडी धाव असते. लोहार ती तापवून बसवतो. धाव नसली तर चाक लवकर झिजते.

मोटारीच्या चाकालाही धाव लागते. ती रबराची असते. आत हवा भरतात. तिलाच टायर म्हणतात.

मोटारीचा कारखाना सगळेच भाग स्वतः करत नाही. टायर, बॅटरी, काचा असे भाग दुसरे कारखाने करून देतात. मुंबईच्या उपनगरांत असे पुष्कळ कारखाने निघाले. त्यांतल्या एकाची हकिकत आम्ही सांगतो.

घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मध्ये भांडुप आहे. तिथे सीएट कंपनीचा कारखाना आहे. ही कंपनी मूळची इटली देशातली. १९२४ साली ती तूरीन शहरात निघाली. विजेच्या तारा करणे हे तिचे पहिले काम. १९५८ साली टाटांच्या सहकार्याने ती आपल्या देशात आली. १९८२ साली ती गोएंकांच्या आरपीजी समूहाकडे गेली. पुढे नाशिक, नागपूर, हालोल, चेन्नई इथेही तिचे कारखाने झाले. अंबरनाथला शेतीच्या यंत्रांचे टायर होतात.

टायर होतो कसा? रबराच्या झाडाला चीर दिली की चीक गळतो. केरळात ही झाडे फार. चिकाचे रबर करतात. नुसते रबर उन्हाने मऊ पडते, थंडीने कडक होते. म्हणून त्यात गंधक आणि काजळी मिसळतात. रबराच्या थरांत धाग्यांचे कापड घालतात. काठाला पोलादी तार बसवतात. मग सगळे साच्यात दाबून तापवतात. रबर चिवट होते आणि वर नक्षी उठते. ही नक्षी शोभेची नव्हे. ओल्या रस्त्यावर ती पाणी बाजूला सारते. त्यामुळे चाक घसरत नाही.

टायर घेताना त्याची बाजू नीट पाहा. तिथे चार आकडे एकत्र असतात. समजा, ३५२३ आहेत. म्हणजे तो टायर २०२३ सालच्या ३५व्या आठवड्यात झाला. टायरवर हे आकडे इंग्रजीत असतात. तेवढे शिकून घ्या. मग जुना टायर नवा म्हणून कोणी तुमच्या गळ्यात मारणार नाही.

नक्षी झिजली की टायर बदला. चार पैसे वाचतील, पण टायर फुटला तर गाडीतल्या माणसांच्या जिवावर बेतेल.

प्रश्न :
१. रबरात गंधक का मिसळतात?
२. टायरवरच्या नक्षीचा उपयोग काय?
३. टायरवर १०२४ असेल, तर तो कोणत्या साली झाला?