नाझकाच्या वाळवंटातील पाऊलखुणा

डिसेंबर २०१४ मध्ये पेरूतील लिमा येथे हवामान परिषद चालू असताना ग्रीनपीसचे कार्यकर्ते नाझकाच्या वाळवंटात शिरले आणि हमिंगबर्डच्या प्राचीन रेखाकृतीशेजारी त्यांनी पिवळ्या कापडी अक्षरांत अक्षय ऊर्जेचा संदेश अंथरला. तेथे प्रवेश निषिद्ध आहे. वरचे काळपट खडे सरकताच खालची फिकट माती उघडी पडते. मुळात त्या रेषाही अशाच काढलेल्या आहेत. पाऊस जवळजवळ पडतच नसल्याने पावलांची खूण शतकानुशतके टिकते.

त्यांची नियत चांगली होती, याविषयी मला शंका नाही. परंतु एक हानी तशाच दुसऱ्या हानीने दूर करू नये, असा फिक्हचा नियम आहे. आणि ही हानी तर परक्याच्या अमानतीत झाली. संस्थेने पुढे क्षमा मागितली, पण तोवर वाळवंटात पायवाट उमटली होती.